कुणी केलंय?

"आणि मसाला कुठाय गो?" मी विचारलं.

मारिसेलनं नुसतं पातेल्याकडं बोट दाखवलं. आत डुकराच्या मटणाचे चरबीसकट मोठाले तुकडे, ठेचलेल्या लसणीची भरली मूठ, अख्खी मिरी, तमालपत्राची पानं आणि वरून सोया सॉसचं काळं पाणी. हळद नाही, मिरची नाही, कांद्याचा पत्ता नाही. आमच्या घरात बाटलीतला मसाला पडल्याशिवाय साधा बटाटासुद्धा शिजत नसे, आणि ही बाई लसणीच्या जिवावर मटण करायला निघाली होती.

"एवढंच?"

"अजून हे," म्हणत तिनं माझी ताडीच्या व्हिनेगरची बाटली उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि अर्धी बाटली त्यात ओतली. इंद्यालसाठी, म्हणजे आमच्या डुकराच्या आंबट-तिखट कालवणासाठी, मी ते व्हिनेगर चमच्यानं मोजून वापरायची. मी आपली सवयीनं डाव घेऊन पुढं झाले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ढवळायचं नाही. व्हिनेगर उकळेपर्यंत हात लावायचा नाही. लावलास तर कच्चं राहतं, घशाला लागतं."

"आणि करपलं तर?"

"नाही करपत. सोड त्याला."

मारिसेल माझी भावजय. माझा भाऊ जोकिम पर्यटकांच्या जहाजावर वेटर, आणि ही त्याच जहाजावर कपडे धुण्याच्या खात्यात. फिलिपिन्समधल्या इलोइलोची. मे महिन्यात दोघांनी आमच्याच चर्चमध्ये लग्न केलं, पाऊस सरल्यावर जोकिम जहाजावर परतला आणि ही पोटुशी म्हणून आमच्याकडं राहिली. वसईच्या त्या वाडीत केळी, मोगरा, आम्ही दोघी आणि पप्पा. तिचं माझं बोलणं मोडकं इंग्रजी, मोडकं मराठी आणि हातवारे असं चालायचं. इथं मी ते सरळ करून सांगतेय. पहिल्याच दिवशी माझं नाव रेमेदी म्हटल्यावर ती खुदकन हसली होती. तिच्या आईचं नाव रेमेदियोस.

तिला चुलीशी फिरकू द्यायचं नाही, असं पप्पांचं आणि शेजारच्या कातरिन आत्याचं म्हणणं. मायेनंच म्हणायचे. पाचवा महिना लागल्यावर तिला अदोबो खावंसं वाटू लागलं. अदोबो म्हणजे पातेल्यात होतं ते. डोहाळे म्हटल्यावर आत्याचा नाइलाज झाला. "करू दे तिला तिच्यापुरतं," ती म्हणाली. "सालूचं तू कर म्हणजे झालं."

सालू म्हणजे पप्पा, साल्वादोर तुस्कानो. आता त्यांचं सांगते.

आई गेली तेव्हा मी विशीत होते. त्यानंतर पप्पांनी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं खाल्लं नाही. पानावर बसले की आधी विचारायचे, "कुणी केलंय?" मी म्हणायची, "मी." मग क्रूस काढायचा, मग घास. लोकांच्या लग्नात पंगतीला सगळ्यांशी हसून-खेळून बोलायचे, ताटाला हात लावायचे नाहीत, आणि घरी येऊन विचारायचे, "रेमेदी, काय आहे गो?" मला एकदा कावीळ झाली, तेव्हा आत्यानं डबा आणला. पप्पा म्हणाले, भूक नाही. चहावर राहिले. शेवटी मी भिंत धरून उठले आणि पेज केली. आत्या ओरडली ती मला: लवकर बरं व्हायला काय होतं तुला?

फादरांनी तर चर्चमध्ये रविवारच्या मिस्साच्या प्रवचनात माझं उदाहरण दिलं. तेव्हापासून मी गावची आदर्श मुलगी. आदर्श मुलीला कुणी मागणी घालत नाही, कारण तिला जागेवरून हलवणं म्हणजे पाप.

इनास डाबरेनं घातली. शांत माणूस, कंपनीत फिटर. दोनदा मी त्याला "ईस्टर होऊ दे" म्हणून परतवलं होतं, आणि दोन्ही वेळा तो "बरं" म्हणाला होता. आता त्याला सिल्वासाला नोकरी लागली होती आणि राहायला जागाही. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, आणि उपवासकाळ लागला की लग्नं बंद. त्या दिवशी, शनिवारी, फादरांकडं नावं दिली नसती तर राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आडवा आला असता. इनासनं मला तळ्याजवळच्या क्रुसापाशी बोलावलं होतं.

"तुझं होऊ दे," मी मारिसेलला म्हटलं. "मी आलेच. बांगडे साफ करून ठेवलेत, आल्यावर पप्पांसाठी कालवण टाकते."

ती पातेल्याकडं बघत उभी होती. व्हिनेगरची वाफ डोळ्यांना झोंबत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वाफेचं की घरच्या आठवणीचं, कोण जाणे. मी चपला घातल्या.

क्रुसापाशी इनास सायकल धरून उभा होता. बसलासुद्धा नव्हता.

"पप्पांना विचारलंस?"

"नाही."

"विचारू नकोस. सांग."

"सांगितलं तर जेवायचे नाहीत ते."

"किती दिवस?"

तशी वेळ मी कधी येऊच दिली नव्हती. ते एक जेवण सोडायचे आणि दुसऱ्या जेवणाआधी मी हात जोडून समोर उभी. इनासशी मी खूप भांडले. म्हटलं, तुझे आईबाप धडधाकट आहेत, तुला बोलायला काय जातं? तो ऐकत राहिला. त्याला राग आला असता तर मला किती बरं वाटलं असतं.

"संध्याकाळच्या घंटेपर्यंत मी फादरांच्या ऑफिसात बसतो," शेवटी तो म्हणाला. "आलीस तर नावं देऊ. नाही आलीस तर मी पुन्हा विचारणार नाही, रेमेदी. रागानं नाही बोलत. आता मी थकलो."

तो गेला आणि मी तिथंच बसून राहिले. रडून घेतलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बांगडे आठवले. पप्पा वाडीतून आले असतील, पान मांडलेलं नाही, कालवण नाही. मी धावत सुटले. तिशी उलटलेली बाई भर दुपारी साडी खोचून धावतेय, बघणाऱ्यांनी काय ते बघितलं असेल.

मागच्या दारानं आत शिरले, तर पप्पा जेवत होते.

नुसते जेवत नव्हते, ताट पुसत होते. भाताला काळसर रस लागलेला, बाजूला हाडं, कपाळावर घाम. मारिसेल मोरीला टेकून उभी. बांगडे टोपलीखाली होते तसेच होते.

"आलीस?" पप्पा म्हणाले. "करून ठेवून गेलीस ते बरं केलंस. हे कसलं इंद्याल गो? मसाला दिसत नाही, पण काय चव आहे. थोडं वाढ अजून."

माझा हात आपोआप डावाकडं गेला. मी वाढलं.

"तुझी आई गेल्यावर आज पहिल्यांदा," त्यांनी घास घेतला, "अगदी तिच्या हातचं लागलं. अगदी तसंच. म्हणून म्हणतो, दुसऱ्या कुणाचं उतरत नाही मला. हे हातातच असावं लागतं."

मी मारिसेलकडं बघितलं. तिचा चेहरा कोरा. तिनं फक्त मान किंचित हलवली, म्हणजे बोलू नकोस, की बोल, ते मला कळलं नाही.

"हो" म्हणणं किती सोपं होतं. ओठांवर आलंच होतं. हो म्हटलं असतं, बांगडे रात्रीला तळले असते, आणि इनास घंटा होईपर्यंत बाकावर बसून मग सायकल घेऊन गेला असता. पुढं रोज सकाळ-संध्याकाळ "कुणी केलंय?" आणि "मी." त्या स्वयंपाकघराच्या भिंती माझ्या अंगावर आल्यासारख्या वाटल्या. माझ्या हाताची चव, माझ्या हाताची चव, म्हणत माणसानं मला तिथं डांबून ठेवलं होतं, आणि तो हात माझा नव्हताच. मला चीड आली.

"मी नाही केलं, पप्पा," मी म्हटलं. "मारिसेलनं केलंय."

त्यांचा घास हातातच राहिला.

"मी विचारलं होतं. मला रेमेदी म्हणून सांगितलं."

"मी सांगितली," मारिसेल तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

पप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग ताटाकडं. घास खाली ठेवला. ताटातच हात धुतला.

"भूक नाही मला," ते म्हणाले. दोनदा वाढून घेतलेलं पोटात असताना म्हणाले. ओटीवर गेले आणि बाकड्यावर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

आत्याला कुठून वास लागतो देव जाणे. दुपार कलते न कलते तोच ती हजर. ओटीवरून कुजबुज ऐकू आली आणि मग ती स्वयंपाकघराच्या दारात.

"फसवून खायला घातलंत त्याला? या वयात? आता रात्रीपण जेवणार नाही म्हणतो. जा, बांगडे तळ चटकन, स्वतः घेऊन जा, पाया पड. तू केलंस म्हटल्यावर खाईल तो."

ती गेली. मी गॅस पेटवला, तवा ठेवला, तेल सोडलं. हे सगळं माझ्या हातांनी केलं. मी त्यात कुठं होते, मला माहीत नाही. मारिसेल पुढं आली आणि तिनं गॅस बंद केला.

मी पुन्हा पेटवला. तिनं पुन्हा बंद केला.

"सरक," मी म्हटलं. "तुला नाही कळायचं. ते उपाशी राहतील."

"मी मुद्दाम तुझं नाव सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"मला बघायचं होतं. नको कोण म्हणतं? जीभ म्हणते की डोकं म्हणतं? बघितलंस ना तू. जिभेनं दोनदा मागून घेतलं."

लग्न झाल्यापासून ही बाई आमच्या घरात मान खाली घालून बसली होती, दिलेलं खात होती, हो ला हो म्हणत होती. आम्हाला वाटायचं, गरीब गाय आहे.

"तू कुठं गेली होतीस, मला माहीत आहे," ती पुढं म्हणाली. "तू लग्न करून गेलीस की सगळे म्हणतील, आता सून आहे. बरोबर?"

बरोबर होतं. तोच विचार मलाही मागं ओढत होता. मी सुटायचं आणि ही पोर अडकायची.

"मी नाही करणार," मारिसेल म्हणाली. "आजच सांगून ठेवते, म्हणजे तुझ्या डोक्यावर नको. बाळ झालं की मी जोकिमकडं जाणार. या घराची मला भीती वाटते, रेमेदी. सगळे चांगले आहात, म्हणून जास्त वाटते. वाईट असता तर पळून गेले असते."

आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते वाफेचं नव्हतं. मी तिचा हात धरला. आम्हां दोघींच्या हातांना लसणीचा आणि बांगड्यांचा वास येत होता.

"पण ते खातील काय?" मी विचारलं.

तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं. मटण रसात निवत पडलं होतं, वर चरबीचा पातळ थर येऊ लागला होता.

"हे. व्हिनेगर आहे, तीन दिवस काही होत नाही. उद्या आणखी चांगलं लागेल. माझी आई रविवारी एक मोठं पातेलं करायची आणि कामावर जायची. ज्याला भूक लागेल तो खाई."

"आणि वाढायचं कुणी?"

कुणी चावायचं, असं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं.

मी बांगड्यांना मीठ लावून ते मागं सारले. तोंड धुतलं, साडी बदलली. मागचं दार होतं, तिथून गुपचूप जाता आलं असतं. मी ओटीवरून गेले.

"पप्पा, मी फादरांकडं जातेय. इनास डाबरेबरोबर नाव द्यायला. भात टोपात आहे, मटण पातेल्यात आहे."

ते भिंतीकडं तोंड करून पडूनच राहिले.

"ऐकलंत का?"

"मला भूक नाही."

नेहमी इथंच माझे पाय मागं वळायचे. त्या तीन शब्दांनी मी कितीदा परत फिरले होते, त्याचा हिशोब नाही. ओटीची पायरी उतरले, मोगऱ्याच्या वाफ्यापर्यंत गेले आणि थांबले. वाटलं, आता ते मरतील आणि गाव म्हणेल हिनं मारलं. मग मी चालू लागले. मागं बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर गेले नसते.

इनास ऑफिसच्या बाकावर होता. मला बघून उठला आणि पुन्हा बसला. फादरांनी नावं लिहून घेतली आणि चष्म्यावरून विचारलं, "सालूला माहीत आहे?"

"सांगितलंय," मी म्हटलं.

"आणि तो काय म्हणाला?"

"भूक नाही म्हणाला."

फादरांनी वही मिटली.

परत आले तेव्हा उन्हं केळीच्या शेंड्यावर होती. ओटीवरचं बाकडं रिकामं. आत धावले, तर पप्पा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे. ताट घेतलेलं नाही, पाट मांडलेला नाही. पातेल्याचं झाकण उघडं, भाताच्या टोपात हात, आणि उभ्या उभ्याच घास चाललेला. चरबी मनगटापर्यंत ओघळली होती.

त्यांनी मला बघितलं. हात तोंडाशी थांबला. चोरी पकडलेल्या माणसासारखे नव्हे, दमून आलेल्या माणसासारखे दिसले मला ते.

"वाढू का?" माझ्या तोंडावर आलं होतं. मी ओठ दाबून धरले.

"फादर होते?" त्यांनी विचारलं.

"होते."

"हं," म्हणाले. घास खाल्ला, झाकण ठेवलं आणि मागच्या नळावर हात धुवायला गेले. मला वाटलं होतं, पोट भरलं की मन वळेल. पण त्यांच्या गप्प राहण्यानं माझा जीव टांगणीला लागला. आमच्या चर्चमध्ये नावं पुकारल्यावर फादर सगळ्यांसमोर विचारतात, कुणाला काही अडचण माहीत आहे का. आत्या कुंपणावरून मला सांगून गेली होती, "उद्या बघ, सालू उभा राहील."

सकाळी आम्ही एकाच बाकावर बसलो. कडेला पप्पा, मग मी, मग मारिसेल. आत्या मागच्या बाकावर, माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता. मिस्सा संपत आली आणि फादरांनी कागद काढला. "इनास डाबरे आणि साल्वादोर तुस्कानो यांची मुलगी रेमेदी." सगळ्या माना वळल्या, पण माझ्याकडं नाही, पप्पांकडं. "यांच्या विवाहाला कुणाला काही अडचण माहीत असेल, तर त्यानं कळवावं."

पप्पा समोर वेदीकडं बघत होते. मारिसेलनं बाकाखाली माझं बोट घट्ट धरलं होतं.

"बोल की सालू," मागून आत्या म्हणाली. तिचं कुजबुजणं वेदीपर्यंत जातं. "ही गेल्यावर तू जेवणार काय?"

पप्पांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं.

"काल जेवलो," पप्पा म्हणाले. मागं न वळता, नीट ऐकू जाईल असं. "सुनेनं केलेलं."

फादरांनी कागदाची घडी घातली आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

बाहेर आल्यावर बाया मारिसेलभोवती जमल्या, काय केलं होतंस, कसं केलंस. ती सगळ्यांना एकच सांगत होती, ढवळायचं नाही. पप्पा कुणाशी न बोलता वाडीच्या वाटेला लागले. मी मागून गेले. केळीच्या बांधापाशी ते थांबले.

"मला भूक लागायची गो," ते म्हणाले. "दर वेळी लागायची. लग्नात पंगतीला बसलो की सोरपोतेलाचा, त्या डुकराच्या मसालेदार मटणाचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. घरी येईस्तोवर पाय ओढवायचे नाहीत."

"मग खायचं नाहीत का?"

"खाल्लं असतं, तर तू गेली असतीस."

मला वाटलं, आता मी त्यांना काय काय बोलेन. एवढी वर्षं माझ्या पोटात साठलेलं होतं. पण त्यांची मान खाली होती, रविवारच्या शर्टाची कॉलर मीच इस्त्री केलेली होती, आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"एवढी वर्षं उपाशी राहिलात, पप्पा?"

"तू पण राहिलीसच की," ते म्हणाले, आणि बांध ओलांडून वाडीत गेले.